पुढं शेळी, मागं खांड

काटेवाडीत तुकोबांच्या रथाभोवती मेंढरं धावतात ते दृश्य आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे. दर आषाढीला ते टीव्हीवर येतं, मोबाईलवर फिरतं. पाच मिनिटांत सगळं उरकतं. रथ पुढं निघतो, दिंड्या भवानीनगरच्या दिशेनं सरकतात, रस्त्यावर लेंड्या आणि भंडारा तेवढा उरतो. त्या पाच मिनिटांसाठी आमच्या घरातली माणसं दोन रात्री नीट झोपत नसत, ते मात्र कुठल्या कॅमेऱ्यात आलेलं नाही. मी ते लहानपणापासून आतल्या बाजूनं पाहिलं. आतली बाजू म्हणजे वाघरीची बाजू. मेंढरं रात्री कोंडायला आमची माणसं जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात.

आधी वाट सांगतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून पालखी निघते. पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असं करत ती बारामतीला येते आणि शारदा प्रांगणात मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी काटेवाडी. पुढं सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेच्या काठावर पुणे जिल्हा संपतो. हा सोहळा तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला. म्हणजे ही पालखी तीनशेच्या वर वर्षं चालत आली आहे. वाटेत जो समाज होता त्यानं आपल्याजवळ जे होतं ते तिच्यापुढं ठेवलं. परीट समाजानं धोतरांच्या पायघड्या घातल्या. आम्हा धनगरांजवळ मेंढरं होती.

लोकांना वाटतं, मेंढरं सोडली की पळत सुटतात. मेंढरू पळत सुटलं तर ते भलतीकडंच जातं. रथाभोवती गोल, तेही देव उजव्या हाताला ठेवून, हजारो माणसांच्या कोंडाळ्यात, टाळ-पखवाजाच्या आवाजात, तापलेल्या डांबरावर न्यायचं, हे मेंढराच्या स्वभावाविरुद्ध आहे. त्याला माणसांचा लोंढा ठाऊक नसतो. त्याला पुढच्या मेंढराची पाठ तेवढी ठाऊक असते. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, सांगायचे, "मेंढरू देवाला बघत न्हाई, म्होरल्याच्या शेपटाकडं बघतं. म्होरलं कोण, ते ठरवायचं काम आपलं."

म्होरलं म्हणजे शेळी. कुठल्याही खांडात, म्हणजे मेंढरांच्या कळपात, चार-दोन शेळ्या असतातच. दुधासाठी असतात, कोकराची आई मेली तर त्याला पाजायला असतात, पण त्यांचं खरं काम वाट काढणं. ओढा आला की मेंढरं काठावर थबकतात, शेळी उतरते, आणि मग सगळं खांड तिच्या मागं पाण्यात शिरतं. आमच्या खांडात नंतरच्या वर्षांत चांदी नावाची पांढरी शेळी होती, डाव्या कानावर तांबूस ठिपका. काटेवाडीच्या रिंगणात पुढं तीच असायची.

आदल्या दिवशी निवड चाले. गाभण मेंढ्या बाजूला, लंगडणारी बाजूला, मारका एडका बाजूला. तान्ह्या कोकरांच्या आया शक्यतो न्यायच्या नाहीत, कारण पिल्लू मागं राहिलं की मेंढी अर्ध्या फेरीतून वळते आणि तिच्यामागं पन्नास वळतात. पण एखादी मुद्दाम घ्यायची. तिचं कोकरू एका पोरानं काखेत घ्यायचं आणि शेळीच्या जरा पुढं पळायचं. मेंढी ओरडत त्याच्यामागं येते, शेळीला जोर चढतो, खांड खेचलं जातं. बघणाऱ्याला वाटतं, धनगराच्या पोरानं कौतुकानं कोकरू उचललंय. सहावी-सातवीत असताना दोन वर्षं ते पोर मी होतो. कोकराचं काळीज माझ्या बरगड्यांवर धडधडत असायचं, आणि माझंही काही कमी धडधडत नसायचं.

रिंगणाच्या दिवशी सकाळी मेंढरं पोटभर चारायची नाहीत. भरल्या पोटाचं मेंढरू पळत नाही, बसतं. फार उपाशीही ठेवायची नाहीत, नाहीतर रस्त्याकडेच्या कुणाच्या उसात तोंड घालतात आणि रथ येण्याआधी भांडण येतं. पहाटे थोडा पाला, दोन घोट पाणी, आणि उन्हं चढायच्या आत सगळ्यांच्या पाठीवर भंडारा. भंडारा काकी टाकायची. त्या वेळी ती कुणाशी बोलत नसे. एकेका मेंढीच्या पाठीवर चिमूट पडायची आणि ओठ हलायचे. पुष्कळ वर्षांनी मी विचारलं, काय म्हणतेस गं? ती म्हणाली, "नावं घेते." आमच्या खांडातल्या प्रत्येक मेंढीला तिनं नाव ठेवलेलं होतं, हे तात्यांनाही ठाऊक नव्हतं.

मेंढरांची फेरी कशासाठी? गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: खांडाला रोगराई होऊ नये. शहरातल्या माणसाला ही भाबडी समजूत वाटते. तिथं तिथीकडं आणि पावसाकडं बघावं लागतं. पालखी काटेवाडीत येते ती ज्येष्ठ सरता-सरता किंवा आषाढ लागता-लागता. मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, माळावर कोवळं हिरवं गवत उगवलेलं असतं, चार महिने वाळलेलं खाल्लेली मेंढरं त्याच्यावर तुटून पडतात. मेंढपाळाच्या वर्षातले हेच सगळ्यात भीतीचे दिवस. आंत्रविषार नावाचा रोग याच कोवळ्या चाऱ्यानं उसळतो. आतड्यात असलेले जंतू एकाएकी वाढतात, विष सोडतात, आणि संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू पहाटे ताठ झालेलं सापडतं. वाईट हे की धट्टीकट्टी, भरपूर पिणारी-खाणारी कोकरं आधी जातात. एका आषाढात आमच्या वाघरीत एका आठवड्यात अकरा गेली. तात्यांनी ती स्वतः पुरली आणि त्या रात्री भाकरीला हात लावला नाही.

म्हणून ही फेरी त्याच दिवसांत आहे. ज्या आठवड्यात खांड सगळ्यात जास्त धोक्यात असतं, त्याच आठवड्यात तुकोबा दारावरून जातात. आता पावसाळ्याआधी लस टोचून घेतात. तात्याही घ्यायचे, एकही वर्ष न चुकता. लस आणि फेरी यांत त्यांना भांडण दिसत नव्हतं. पशुवैद्यकाचा माणूस एकदा त्यांना म्हणाला, "लस दिली ना, मग आता रथाभोवती कशाला पळवता?" तात्या म्हणाले, "साहेब, तुमची सुई आतल्यासाठी. माझ्या मनाला सुई कोण देणार?"

आमचं वर्ष दोन मुलखांत वाटलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय ही फेरी पुरती कळायची नाही. बारामती, इंदापूर, फलटण, दौंड हा कमी पावसाचा पट्टा. पावसाळ्यात मेंढरांना हाच मानवतो, कारण घाटमाथ्याच्या संततधारेत लोकर भिजून राहते, खुरं सडतात. दिवाळी झाली की माळ वाळतो, आणि वाडे सह्याद्रीकडं निघतात. वाडा म्हणजे चार-सहा बिऱ्हाडांची मिळून चालणारी टोळी. घोड्यावर भांडी, अंथरूण, कोंबड्या, दोन दिवसांची कोकरं आणि वर्षाचं मूल. भोरवरून वरंध घाट उतरून कोकणात, भाताच्या मोकळ्या खाचरांत. तिथले शेतकरी मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेतात, लेंड्या-मुताचं खत होतं, बदल्यात भात मिळतो. मृगाच्या आत परत.

घाट उतरण्याआधी जे होतं ते कुठल्या यात्रेच्या यादीत सापडत नाही. वरंध घाटात वाघजाईचं देऊळ आहे. तिच्यापुढं वाडा थांबतो. आधी घोड्याच्या खुराला भंडारा, मग शेळीच्या कपाळाला, मग माणसांना. हा क्रम मी दर वेळी तसाच पाहिला. बायका नारळ फोडत नाहीत, पण कुठल्या बिऱ्हाडानं पुढं चालायचं ते देवीपुढं उभ्या राहून त्याच ठरवतात. सगळा उतार, सगळं ओझं, कुठल्या घोड्यावर कोण पोर हा हिशोब त्यांच्याच डोक्यात असतो. पुरुष मेंढरांबरोबर आडवाटेनं निघून जातात आणि संध्याकाळी तयार मुक्कामावर येऊन टेकतात. मुक्कामाची जागा बायकांनी आधी पोचून शोधलेली असते, चूल पेटलेली असते. धनगराच्या भटकंतीवर लिहिणारे बहुतेक लोक मेंढक्याच्या काठीबद्दल लिहितात. काकीच्या चुलीबद्दल कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही.

एका वर्षी परतीच्या वाटेवर, घाट चढताना, बिबट्यानं वाघरीत उडी घातली. दोन मेंढ्या मारल्या, एक ओढून नेली. पण खरं नुकसान भीतीचं झालं. खांड जाळं तोडून अंधारात फुटलं. घाटात रात्री फुटलेलं खांड म्हणजे कड्यावरून गेलेलं खांड, असं आमच्याकडं समजतात. तात्या बॅटरी घेऊन धावले नाहीत. ते एका खडकावर बसले आणि चांदीच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन वाजवत राहिले, रात्रभर, एका लयीत. काकीनं तिथंच वाघजाईकडं तोंड करून तुकोबांना नवस बोलला. देवी एक आणि नवस दुसऱ्या देवाला, यात तिला काही वावगं वाटलं नाही. "ही इथली राखणदार हाय, त्यो आपल्या घरच्या वाटेवरचा. दोघांनाबी सांगितलं पायजे." उजाडता-उजाडता मेंढरं घंटेच्या आवाजावर परत यायला लागली. सात सापडली नाहीत, बाकीची आली. त्या आषाढात काकीनं रथाभोवती स्वतःही फेरी मारली, मेंढरांच्या मागून, अनवाणी.

विठ्ठल आणि मेंढरं यांचं नातं मला पुस्तकातून कळलं ते फार उशिरा. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं, १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, गोपाळांचा देव असावा, आणि विठ्ठल-बीरप्पा ही जोडी आजही धनगरांच्या देवळांत एकत्र नांदते, अशी त्यांची मांडणी आहे. कोल्हापूरकडचं पट्टणकोडोली त्याचं ठळक ठिकाण. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर तर धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या टेप करून ठेवल्या. बारामतीहून फार लांब नसलेल्या पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी होता. कमळाजी नावाच्या धनगराच्या भक्तीमुळं तो देव सोनारीहून वीरला आला, ही कथा आमच्याकडं ओव्यांतून सांगतात.

मी ढेऱ्यांचं पुस्तक सुट्टीत घरी नेलं आणि तात्यांना दोन-तीन पानं वाचून दाखवली. मला वाटलं होतं, त्यांना केवढा आनंद होईल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "त्यो धनगरांचा हाय हे आम्हाला कोण सांगतंय? पर हे दिंडीतल्या माणसांना वाचून दाखव." मग जरा थांबून म्हणाले, "नको. न्हाई दाखवलं तरी चालतंय. ते पायी येत्यात तेवढं बास हाय." मला त्यांचं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं वाटलं होतं. आजही वाटतं.

धोतरांचा किस्सा सांगायचा राहिला. पायघड्यांमागं मोठी कसरत असते. पालखी पुढं सरकली की मागची धोतरं उचलून पळत पुढं न्यायची, अंथरायची, पुन्हा मागची उचलायची. पांढरंशुभ्र धोतर, त्याला चुणी पडू द्यायची नाही, गर्दीचा पाय लागू द्यायचा नाही. एका वर्षी रस्त्याकडेला ठेवलेल्या धोतरांच्या चळतीतलं एक वाऱ्यानं उलगडलं आणि बरोबर आमच्या फेरीच्या वाटेत येऊन पडलं. चांदी पळत आली आणि त्या पांढऱ्या पट्ट्यापुढं चारी पाय रोवून उभी राहिली. काळ्या डांबरावर एकदम पांढरं, जनावराला तो खड्डा वाटतो. मागून खांड येऊन तिच्यावर आदळलं, मेंढरं एकमेकांवर चढली, कडेची माणसं ओरडायला लागली. आणखी दोन क्षण गेले असते तर मेंढरं गर्दीत घुसली असती आणि त्या चेंगराचेंगरीत कुणाचं काय झालं असतं सांगता येत नाही. पायघड्यांवरचे एक वयस्कर गृहस्थ तेवढ्यात खाली बसले आणि त्यांनी ते धोतर छातीशी गोळा करून घेतलं. मेंढरं त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली. त्यांच्या सदऱ्यावर खुरांचे ठसे होते. फेरी झाल्यावर तात्या त्यांच्या पाया पडायला गेले, तर ते म्हणाले, "अहो, माझं धोतर आडवं आलं, पाया मीच पडायचं." दोघंही वाकले आणि दोघांचीही मुंडाशी एकमेकांवर आपटली. त्यानंतर दर वर्षी फेरीआधी ते येऊन तात्यांना विचारून जायचे, "वाट मोकळी हाय का बघून घ्या."

बेलवाडीचं आणि इंदापूरचं गोल रिंगण ही वेगळी गोष्ट. तिथं पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, हंडेवाल्या, विणेकरी, टाळकरी, पखवाजी आणि शेवटी अश्व. त्याचं वर्णन पुष्कळांनी केलेलं आहे. मी एवढंच सांगेन की बेलवाडीच्या मैदानावरचा एकेक खडा आधी माणसं वेचतात. घोड्याच्या टापेखाली खडा आला तर काय होतं, हे जनावर पाळणाऱ्या गावाला सांगावं लागत नाही. अश्व धावून गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. लहानपणी मला वाटायचं, आमच्या मेंढरांच्या खुरांखालची कुणी का लावत नाही? काकी म्हणाली, "लावत्यात की. मी लावते."

रस्ता बदलला. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं, आणि आमच्या भागातली ओळखीची झाडं, विसाव्याच्या सावल्या कितीतरी ठिकाणी गेल्या. पण माझी खरी तक्रार रस्त्याबद्दल नाही, चराईबद्दल आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. कालव्याखाली ऊस आला, बागायत आली, त्यावर कारखाने, शाळा, घरं उभी राहिली. हे सगळं चांगलंच झालं. पण मेंढराचं पाऊल पडेल असा माळ वर्षागणिक आकसत गेला. रिंगणाला सगळ्यांना मेंढरं हवी असतात. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ती कुणाच्याच बांधावर नको असतात. तात्यांनी शेकड्यानं असलेलं खांड साठावर आणलं ते रोगानं नाही. हे बोलताना मला राग येतो आणि तो मी झाकत नाही.

मग २०२० आलं. करोनामुळं पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आमच्या रस्त्यानं रथ आलाच नाही. पुढच्या वर्षीही नाही. पहिल्या वर्षी तात्यांनी दिवस मोजला, पहाटे काकीनं भंडारा टाकला, आणि रानात एक मेख ठोकून तिला तुळशीची माळ घातली. चांदीला पुढं करून खांड तिच्याभोवती फिरवलं. गर्दी नाही, टाळ नाहीत. घंटेचा आवाज आणि खुरांचा. मी फोनवर ते ऐकलं, कारण मला येता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी तात्यांना उठवत नव्हतं. मेख काकीनं ठोकली. त्या दिवाळीत तात्या गेले.

२०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. मी आठ दिवसांची रजा काढून घरी गेलो. चुलतभावानं खांड दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांत खांड बदलून जातं. म्हाताऱ्या मेंढ्या गेलेल्या, काही विकलेल्या, सगळा भरणा रथ कधीच न पाहिलेल्यांचा. गर्दी दिसली की फुटणार, हे स्पष्ट होतं. त्यातून दोन वर्षं खोळंबलेली माणसं मोठ्या संख्येनं येणार होती. जुनं जनावर एकच उरलं होतं. चांदी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, दात पडलेली, मागचे पाय आखडलेले. तिला न्यायचं नाही असं भावानं ठरवलं होतं. काकी म्हणाली, "तिला न्यायची. न्हाई पळाली तर न्हाई."

रथ थांबला. आम्ही कडेनं घोंगड्या धरून उभे राहिलो. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून थरथरत होती. माझ्या काखेत कोकरू होतं, चाळिशीत पुन्हा एकदा, कारण पोरांपैकी कुणाचा धीर होत नव्हता. पखवाज सुरू झाला. मी पुढं पाऊल टाकण्याआधीच चांदीनं मान वर केली, कान हलवले, आणि रथाला उजव्या अंगाला घेऊन ती चालायला लागली. पळाली नाही, चाललीच. आखडत्या पायांनी, घंटा वाजवत. नवी मेंढरं तिच्या शेपटाकडं बघत निघाली. मला धावावं लागलं नाही, मी तिच्या शेजारून चालत राहिलो. तीन फेऱ्या झाल्या. गर्दी ओरडायची थांबली होती, टाळ मात्र चालू होते.

नंतर रस्त्याकडेला काकीनं मोजणी केली. एकसष्ट नेली होती, एकसष्ट आली. मग ती चांदीजवळ बसली, तिच्या पुढच्या खुराला लागलेली माती बोटानं काढली आणि आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या.